सायकल, कॅमेरा आणि वाईचा हिवाळा: एका दिवसात काय बसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीतला एक दिवस मोकळा आहे. पुण्याहून गाडीत सायकल टाकून वाईला यायचं, तिथून धोम, मेणवली, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि परत वाई असे नव्वदेक किलोमीटर करायचे, वाटेत निसर्गाचे फोटो काढायचे. सायकल हायब्रीड (रोड आणि माउंटन यांच्या मधली) आहे, कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर, सोबत १८-५५ (रुंद दृश्य घेणारी) आणि ५५-२५० मिलिमीटर (दूरचं जवळ आणणारी टेली) अशा दोन लेन्स आणि एक ट्रायपॉड. गेल्या हिवाळ्यात असाच बेत केलात तेव्हा सायकल धड चालवून झाली नाही आणि फोटोही सपाट आले. म्हणून तुम्ही विचारताय, कोणती लेन्स घरी ठेवू आणि वजन कसं कमी करू?

लेन्सचं सांगतोच, पण वजनाची काळजी आधी काढून टाकू. तुम्ही सत्तर किलोचे धरले, सायकल तेरा, पाणी आणि किरकोळ सामान चार, तर एकूण झाले सत्त्याऐंशी. कॅमेरा, दोन लेन्स आणि हलका ट्रायपॉड मिळून तीन किलो. चढावर लागणारा वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पसरणी घाट तुम्ही सव्वा तासात चढत असाल तर या सामानामुळे फार तर अडीच-तीन मिनिटं जास्त लागतील. एक लेन्स घरी ठेवून तुम्ही मिनिटभरही वाचवणार नाही आणि धोमच्या काठावर हात चोळत बसाल.

तुमचा खरा घोळ वेळेचा आहे. हिवाळ्यात सूर्योदयाच्या आसपासचे दोन तास सायकलला सगळ्यात चांगले: रस्ता मोकळा, हवा गार, पाय ताजे. फोटोलाही नेमके तेच दोन तास लागतात. संध्याकाळचंही तसंच. दोन्ही छंद एकाच ताटात जेवायला बसतात आणि दोघंही अर्धपोटी उठतात. त्यात दर वळणावर थांबायची सवय असेल तर विचारूच नका. सायकल टेकवा, हातमोजे काढा, बॅग उघडा, लेन्स बदला, चार फोटो घ्या, परत सगळं आत टाका: कितीही चपळाई केली तरी सात-आठ मिनिटं जातात. असे पंधरा थांबे घेतलेत की दोन तास गेलेच. वर दर थांब्याला अंग गार पडतं आणि पुन्हा लय पकडेपर्यंत पुढचं वळण येतं.

म्हणून मी दिवसाचे सरळ तीन भाग करतो. सकाळ फोटोची, तिथे सायकल फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला. मधले तास सायकलचे, तेव्हा कॅमेरा बॅगेत. दुपार उतरल्यावर पुन्हा कॅमेरा, पण मोजक्या जागी. हे ऐकायला फार शिस्तीचं वाटतं, पण हिवाळ्यात ते जमतं याला कारण आहे. मेमध्ये मधल्या तासांत घाट चढणं म्हणजे शिक्षा असते. जानेवारीत दहा ते बारा ही वेळ चढाला उत्तम असते.

आता कशाकशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर मला बोल लावू नका. पहिली गोष्ट महिन्याची. दिवाळीनंतर लगेच गेलात तर आभाळ स्वच्छ, गवत नुकतं सोनेरी व्हायला लागलेलं आणि धोमचा जलाशय भरलेला. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत पहाटेच्या धुक्याची शक्यता चांगली, पण दुपारी दूरचे डोंगर फिके दिसतात. फेब्रुवारीत गवत वाळून करडं होतं, वणव्यांचा धूर मिसळतो. दुसरी गोष्ट वाराची. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आणि एरवीही शनिवार-रविवारी पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. मधल्या वारी रजा टाकता आली तर अर्ध्या अडचणी आपोआप मिटतात. तिसरी गोष्ट सोबतीची. तुमच्याबरोबर केवळ सायकल चालवणारा मित्र असेल तर त्याला आधीच सांगा की सकाळी तासभर एका जागी थांबायचं आहे. नाहीतर तो धोमला टाळ्या वाजवत उभा राहील आणि तुम्ही घाईत शटर दाबत सुटाल.

अंतराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: महाबळेश्वर सोडा. वाई ते धोम आणि परत साधारण वीस किलोमीटर, वाई ते पाचगणी आणि परत पंचवीसेक. पाचगणीत थोडं इकडेतिकडे धरून पन्नाशी होते. पाय शिवशिवत असतील तर पाचगणीच्या पुढे भिलारपर्यंत जाऊन या. पुस्तकांचं गाव म्हणून २०१७ साली ते जाहीर झालं आणि थंडीत तिथल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांचे ओळीने टिपलेले फोटोही बरे येतात. पाचगणी-महाबळेश्वर हा तुकडा सायकलला वाईट नाही, पण दिवस मुळात अकरा तासांचा. तो तुकडा घेतलात की परतीचा घाट अंधारात येतो.

पहाटे पुण्याहून निघून सूर्योदयाला धोम गाठायचं हाही बेत मी करणार नाही. नव्वद किलोमीटर गाडी, खंबाटकीचा घाट, सुरूर फाट्यावरून आत वळायचं, मग सायकल उतरवून जोडायची; म्हणजे तीनला उठणं आलं. आदल्या संध्याकाळी वाईला मुक्काम करा. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, लवकर जेवा, झोपा.

इथे जानेवारीच्या मध्याला सूर्य साधारण सात वाजून दहा मिनिटांनी उगवतो. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सगळ्यात उशिराचा सूर्योदय आपल्याकडे जानेवारीच्या मध्यानंतर येतो. जुन्या फोटोची वेळ पाहून बेत करणाऱ्यांची इथे पाच-दहा मिनिटांची चूक होते. धोमला तुम्ही साडेसहाला पोचलेलं हवं, म्हणजे वाईहून पावणेसहाला निघा. अंतर आठ-नऊ किलोमीटरच आहे, पण अंधारात सावकाशच जायचं. पुढचा दिवा रस्ता दिसेल इतका प्रखर हवा, मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. हा उसाचा हंगाम असतो. पहाटे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेली. समोरून गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले की उभी ट्रॉली दिसतच नाही. वळणावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक सटकतं तेही ध्यानात ठेवा.

धोमला काय पाहायचं? जलाशय भिंतीच्या पश्चिमेला पसरलाय आणि त्याच्यापलीकडे कमळगडाच्या बाजूची डोंगररांग. सूर्य तुमच्या पाठीशी, वाईच्या बाजूने उगवतो. हिवाळ्यात तो नेमका पूर्वेला उगवत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबर-जानेवारीत वीस-पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात की ऊन अगदी पाठीवरून न येता डाव्या खांद्यावरून तिरकं येतं आणि डोंगराच्या धारा उठून दिसतात. आधी माथे तांबूस होतात, पाणी अजून निळं-करडं असतं. हा फरक दहा-बारा मिनिटं टिकतो. सगळी धावपळ या दहा-बारा मिनिटांसाठी असते, म्हणून त्याआधी ट्रायपॉड लावून, चौकट ठरवून तयार बसायचं. भिंतीवर चढायचा हट्ट धरू नका, धरणांवर प्रवेशाला आणि फोटोला बंधनं असतात. पाटी काय सांगते ते पाहा. काठाच्या रस्त्यावरून दिसतं ते पुरेसं आहे.

धुकं असेल की नाही हे आदल्या रात्री थोडंफार सांगता येतं. आभाळ निरभ्र, वारा बंद आणि संध्याकाळी हवेत ओल जाणवत असेल तर बऱ्यापैकी खात्री. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खोऱ्यात उतरून साचते. त्यात जलाशयाचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ थंड हवेत लगेच धुकं होते. पहाटे वाईतून निघाल्यावर एक खूण पाहा. एखाद्या गुऱ्हाळाचा किंवा चुलीचा धूर थोडा सरळ वर जाऊन, अदृश्य छताला टेकल्यासारखा, आडवा पसरला असेल तर खोऱ्यावर उबदार हवेचं झाकण बसलंय. मग धुकं नसलं तरी तो धूरच तुमच्या कामाचा आहे. शेतावर, बाभळींच्या कमरेला तो पातळ थर बांधल्यासारखा राहतो आणि टेली लेन्समधून एकामागे एक डोंगर वेगवेगळ्या छटांत सुटे दिसतात. ऊन चढलं, खालची हवा तापली, की हे झाकण मोडतं, धूळ आणि धूर वरपर्यंत मिसळतात आणि तेच डोंगर दुपारी एकाच राखाडी पडद्यात जातात. गेल्या वर्षी तुमचे फोटो सपाट आले ते बहुतेक यामुळेच. तुम्ही दूरचे डोंगर दुपारी टिपले असणार.

म्हणून ५५-२५० घरी ठेवू नका. एकच लेन्स न्यायची वेळ आली तर हिवाळ्यात मी हीच नेईन. धुक्याचे थर, डोंगराची एकच उजळलेली धार, पाण्यातली एकटी होडी, हे सगळं तिचं काम. १८-५५ मेणवलीच्या घाटावर लागेल आणि पुढ्यातलं गवत घेऊन काढायच्या एखाद्या चौकटीला.

धुक्यात कॅमेऱ्याच्या मापावर विसंबू नका. त्याला सगळं पांढरट दिसतं आणि तो ते करडं करून देतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्रॅमची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड कापली जात नाही ना, ते पाहा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. ट्रायपॉडवर आयएसओ १००, छिद्र एफ ८. क्रॉप सेन्सरवर एफ १६ केलंत तर जवळपासून दूरपर्यंतची स्पष्टता थोडी वाढेल पण बारकावा मऊ पडेल. पाण्यावरून हलणारं धुकं अर्ध्या सेकंदाला पुसटून छान दिसतं, तेव्हा मात्र ट्रायपॉड लागतोच.

साडेआठला धोम सोडा. गावातल्या महादेवाच्या आणि नृसिंहाच्या देवळांत पाच मिनिटं डोकावा. महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर, पुष्करणीच्या मधोमध बसवलाय आणि पुष्करणीचा आकार कमळाचा. कुंडात पाणी असेल तर कॅमेरा जमिनीलगत नेऊन कासवाचं प्रतिबिंब घ्या. मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेवरचा दगडी घाट. तिथल्या छोट्या बांधणीतली पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक. मेणवलीला नऊच्या सुमारास पोचणं मला आवडतं. घाटाच्या पायऱ्या वळत वळत पाण्यात उतरतात; या वेळेला खालच्या पायऱ्या ओल्या, वरच्या कोरड्या, आणि ऊन इतकं तिरकं की प्रत्येक पायरीच्या कडेला काळ्या दगडावर पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसते. कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. "मावशी, काढू का?" एवढं म्हटलं तरी बहुतेक वेळा हो मिळतं आणि नाही म्हणाल्या तर दगड आणि पाणी आहेच.

इथे सकाळचा भाग संपला. वाईत परत या, मिसळ नको, पोहे किंवा उपमा खा. तर्री पोटात घेऊन घाट चढायचा म्हणजे घाटभर तीच आठवत राहते. दोन्ही बाटल्या भरा, खिशात गूळ-शेंगदाणे आणि दोन केळी. कॅमेरा बॅगेत जातो तो पाचगणी येईपर्यंत बाहेर येत नाही.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. पसरणी गाव मागे पडल्यावर दहाएक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढायचे, म्हणजे सरासरी चढ पाच-साडेपाच टक्के. जीव काढणारा नाही, पण सलग आहे. बसल्या जागी एका लयीत चढा, बोलताना धाप लागणार नाही इतक्याच जोरात. घाट डोंगराच्या उत्तर अंगाला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून वरच्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी डोंगराची सावली मिळते. निरभ्र, शांत रात्रीनंतर खाली खोऱ्यात जास्त गारठा असतो आणि वर जाल तसं उबदार वाटतं. घामाने वैतागायच्या आत जॅकेट काढून ठेवा.

चढताना फोटो काढायचे नाहीत, पण जागा हेरायच्या. दहाच्या वेगाने चढताना जेवढं दिसतं तेवढं उतरताना कधीच दिसत नाही. एखादं सावरीचं झाड, कठड्याला पडलेली फट, खालच्या शेतांचे पट्टे एका रेषेत येतात ती जागा, असं काही आवडलं की मी सायकलच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवतो, नाहीतर जवळच्या दगडावरचा. तीन-चार जागा पुरतात. त्यातही उतरताना डाव्या हाताला, वळणापासून दूर आणि सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेता येईल अशाच जागा धरा. उजव्या बाजूची चौकट कितीही देखणी असो, उतारावर गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडायच्या भानगडीत पडू नका.

पाचगणीत साडेअकरा-बाराला पोचाल. इथे माध्यान्ह पावणेएकच्या सुमाराला होते. लोक म्हणतात दुपारी कॅमेरा काढूच नये; उन्हाळ्यापुरतं ते खरं आहे. मेच्या मध्यावर सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. जानेवारीत मात्र भर दुपारीही तो पन्नास अंशांच्या आसपासच चढतो आणि झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी लांब पडते. म्हणजे जवळच्या गोष्टी दुपारीही टिपता येतात. जांभ्याचा खडबडीत पृष्ठभाग, वाळलेलं गवत, सिल्व्हर ओकच्या ओळी, स्ट्रॉबेरीचे वाफे. दूरचे डोंगर तेवढे टाळा. टेबललँड मी सुटीच्या दिवशी वगळतो. पठार सुंदर आहे, पण घोडे, गर्दी आणि सायकल कुठे ठेवायची ही विवंचना एकत्र आली की मन लागत नाही. त्याऐवजी जेवण, अर्धा तास पाठ टेकणं आणि तीनच्या सुमाराला सिडनी पॉइंट. तिथून कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर समोर येतो.

या वेळी ऊन नैर्ऋत्येकडून, तुमच्या मागून डावीकडून पडतं. तुम्ही सावलीच्या कडेला आणि समोरची उत्तरेकडची रांग, जिचा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, उजेडात. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) न्यायचा असेल तर तो या जागेसाठी. सूर्यापासून साधारण काटकोनातल्या आकाशावर तो सगळ्यात जास्त चालतो आणि इथे वायव्येकडे कॅमेरा वळवला की जवळजवळ तोच कोन मिळतो. धूसरपणा थोडा कापला जातो, गवतावरची चमक जाते. १८ मिलिमीटरवर मात्र वापरू नका, आकाशाचा एकच कोपरा गडद निळा होतो. सकाळच्या धुक्यात त्याचा काही उपयोग नाही. तिथे काढून ठेवा, नाहीतर एक-दीड स्टॉप उजेड फुकट जाईल.

साडेचारला उतरायला लागा. सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे आहे, तो पाचगणीहून पाहायचा मोह होईल, आणि इथे मी थोडा कठोर आहे. सूर्यास्तानंतर पसरणी घाट सायकलवरून उतरू नका, दिवे कितीही चांगले असोत. वर येणाऱ्या गाड्यांचे प्रखर दिवे, वळणावरची खडी आणि दिवसभराचा शीण, तिन्ही एकदम नको. साडेचारला निघालात तर हेरलेल्या जागी थांबत साडेपाचला खाली याल आणि सूर्यास्त कृष्णाकाठी, वाईच्या देवळांच्या शिखरांवर मिळेल. ज्यांना शिखरावरूनच सूर्यास्त हवाय त्यांनी पाचगणीत मुक्काम करावा आणि सकाळी उतरावं.

उतारावर कॅमेरा अंगावर घेऊ नका आणि हँडलवरही लटकवू नका. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर सतत घासून रिम तापते. चढताना घामेजलेलं अंग उतारावर दोन मिनिटांत काकडतं, म्हणून छातीवर, जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची दुहेरी घडी ठेवा. सायकलवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि हजारो रुपयांच्या विंडचीटरइतकीच चालते. सुती टीशर्ट घालून येऊ नका. धोमला तासभर उभं राहायचंय, तेव्हा ओला कापूस पाठीला चिकटून हुडहुडी भरते. एक कोरडा बनियन जादा ठेवा आणि धोमला पोचल्या पोचल्या बदला.

आता बॅगेचं. पाठीवरच्या सॅकमध्ये कॅमेरा ठेवायला माझा विरोध दोन कारणांनी आहे: पाठ भिजते आणि तो ओलावा बॅगेत जातो, शिवाय कॅमेरा काढायला दर वेळी सॅक उतरवावी लागते, म्हणजे तुम्ही काढतच नाही. मागच्या कॅरिअरवर थेट ठेवलात तर खडबडीत रस्त्यावर बारीक हादरे बसत राहतात, लेन्सचे स्क्रू ढिले होतात. सपाटीवर मला हँडलबार बॅग सोयीची वाटते, तळाशी दोन बोटं जाडीचा फोम आणि चहूबाजूंनी मऊ टॉवेल गुंडाळलेला. घाटाच्या वेळी तोच कॅमेरा टॉवेलसकट मागच्या पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशवीत), कपड्यांच्या मधोमध जातो, म्हणजे उतारावर हँडल हलकं राहतं. ट्रायपॉड कॅरिअरला आडवा बांधू नका, उभा बांधा, पाय मागे. आडवा बाहेर आला की गाडीवाल्याच्या आरशाला लागतो.

ट्रायपॉड न्यायचाच नसेल तर एक जाड मोजा घ्या, त्यात अर्धा किलो तांदूळ भरा आणि तोंड घट्ट बांधा. सायकलच्या सीटवर किंवा कठड्यावर ठेवून त्यात लेन्स रुतवली की २५० वरही फोटो हलत नाही. चढ संपल्या संपल्या हातात धरून टेलीने काढायला जाऊ नका, तेव्हा छाती धडधडत असते. दोन मिनिटं पाणी प्या, मग काढा, तेही १/५०० पेक्षा कमी वेगाने नको.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, कॅमेरा खोलीत नेताना प्लास्टिकमध्ये बंद करा, अशा सूचना तुम्ही वाचल्या असतील. त्या बर्फाच्या प्रदेशातल्या आहेत. वाईच्या दहा-बारा अंशांत एक जादा बॅटरी खिशात असली की पुरे. लेन्सवर बाष्प येतं ते बहुतेक आपल्याच श्वासाचं. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून जोरात उच्छ्वास सोडू नका आणि पुसायला एक सुती रुमाल वेगळा ठेवा, घाम पुसायचा नको.

थोडक्यात वेळापत्रक: पावणेसहा वाई, साडेसहा ते साडेआठ धोम, नऊ मेणवली, दहाच्या आत पोहे, साडेअकरा-बारा पाचगणी, तीन सिडनी पॉइंट, साडेचारला उतार, साडेपाच वाई. धुकं खूपच देखणं निघालं आणि धोमलाच दहा वाजले, तर घाट रद्द करा आणि दिवसभर खोऱ्यातच हिंडा. उलट सकाळ साफ कोरडी, आभाळ पांढुरकं असेल तर धोमला सव्वासातलाच आवरतं घ्या, घाट लवकर चढा आणि पाय साथ देत असतील तर भिलारही उरकून या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: सायकलचे गिअर. पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३२ किंवा ३४ ची असेल तर या सामानासकट पसरणी निवांत चढेल. मागे २८ च असेल तर वर्कशॉपमध्ये कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून घ्या, पण आधी तुमच्या डेरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) किती दात्यांपर्यंत चालतं ते विचारा. आणि बदलल्यावर लगेच वाईला येऊ नका, एकदा सिंहगड रस्त्याने जाऊन पायथ्याच्या पहिल्या चढावर सगळे गिअर खालीवर करून बघा.